पलंग उंबऱ्याबाहेर गेला त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. कंबर हल्ली अर्ध्यातच अडकते.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी दाढ काढून घेतली, की अजून डॉक्टरला उद्याचे वायदे करताहेत? खरं तर फोनच करायचा, पण फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तिसरं तू बोलतेस, आणि आजची हकीकत मला शेवटपर्यंत माझ्याच तोंडून सांगायची आहे. म्हणून हे पत्र. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. बाबांचा पलंग विकला गेला, पैसे रोख मिळाले, आणि तुझा अर्धा वाटा पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे.

बाबा गेल्यापासून तो पलंग मधल्या खोलीत तसाच होता, डोक्याकडची बाजू त्यांना लागायची तेवढी वर केलेली. ही रोज त्यावरची धूळ पुसायची आणि कुणाच्या तरी कामी येऊ दे म्हणायची. मी हो म्हणायचो आणि विषय बदलायचो. त्याआधी चाकाची खुर्ची विकताना काय झालं ते तू विसरली नसशीलच (तू काहीच विसरत नाहीस). तो गोड बोलणारा गृहस्थ आला, मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण दाखवली, पैसे थोड्या वेळात दिसतील म्हणाला, आणि खुर्ची जिन्यावरून उतरवायला मी त्याला हातभारसुद्धा लावला. ते पैसे अजून दिसायचे आहेत. त्यावर तू मला फोनवर जे जे बोललीस ते हिने स्पीकर लावून ऐकलं, आणि मधेमधे मान डोलावली. सगळी नोकरी पतपेढीच्या खिडकीमागे रोखपाल म्हणून काढली, हजारो नोटा अंगठ्याखालून गेल्या, त्यात एक खोटी आली तर बोटाला आधी कळायचं. आणि अशा माणसाला कुणीतरी चित्र दाखवून गंडवावं, हे तुझ्याइतकंच मलाही झोंबलं होतं. मग तू अट घातलीस. यापुढे रोखच घ्यायची, आणि रोख नसेल तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. मी ती अट जाहिरातीतही शब्दशः घातली. (त्यावर एका बाईंनी फोन करून उंबराही विकायचा आहे का असं विचारलं.)

आज दुपारी जेवणं होताहेत तोच गिऱ्हाईक दारात. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारा, तिशी-पस्तिशीचा माणूस. बरोबर दोन हमाल, खाली टेम्पो. न्हाणीघरात पडून त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि आज संध्याकाळी तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाठ वर करता येईल असाच पलंग हवा, आडवं निजवून ठेवायचं नाही. घरात होती ती एक बुटकी फळीची बाज. थोडक्यात, अॅम्ब्युलन्स दारात यायच्या आत पलंग त्याच्या घरी लागायला हवा होता. त्याने खाली बसून हँडल दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, गादी दाबून पाहिली, आणि मग विचारलं की वडील आता कसे आहेत. गेले, म्हणालो. तो हँडल सोडून उभा राहिला आणि पलंगाला हात लावून त्याने नमस्कार केला. ताई, मला तो माणूस आवडला. आणि तिथेच मी सावध झालो, कारण खुर्चीवालाही मला असाच आवडला होता.

रोख आहे का, असं मी लगेच विचारलं. तो म्हणाला, "काका, रोख सगळी हॉस्पिटलात गेली हो. पगार खात्यात आहे, तिथून पाठवतो." मी हिच्याकडे पाहिलं, हिने हमालांकडे पाहिलं, हमालांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं ठीक आहे, पैसे दिसेपर्यंत वस्तू हलणार नाही. त्याने नंबर विचारला, मी घडाघडा म्हणून दाखवला (रोखपाल आकडे विसरत नसतो). त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला, काका, नाव बघून घ्या म्हणाला. माझा चष्मा नेमका पलंगाखालच्या पट्ट्या सोडवताना कुठेतरी राहिला होता. समोर चष्म्याच्या दुकानातला माणूस आणि मी बिनचष्म्याचा, याची मला गंमतही वाटली. आपलं आडनाव ठळक दिसत होतं, मागची अक्षरं मुंगीएवढी होती. बरोबर, म्हणालो. त्याने आकडा घातला, पिन दाबला, मोबाइल टिंगकन वाजला. तो आवाज ऐकून हमालांना वाटलं व्यवहार झाला, आणि मी माझा फोन शोधायला आत वळलो तेवढ्यात त्यांनी पलंग उचलला.

माझ्या फोनवर काहीही आलेलं नव्हतं. संदेश नाही, खात्यात पैसे नाहीत. मी धावत बाहेर आलो तर पलंग उंबरा ओलांडून जिन्याच्या वळणावर पोचलेला, एक टोक वर, एक खाली. थांबा म्हणालो. हमालांनी तो आहे तिथे टेकवला, आणि तो असा काही बसला की खालून वर कुणी येईना आणि वरून खाली कुणी जाईना. चष्मेवाल्याने मोबाइल दाखवला: हिरवी बरोबरची खूण, पैसे पोचल्याचा मजकूर, वेळ, सगळं जागच्या जागी. अगदी खुर्चीसारखं. मी खाली वाकलो, पलंगाचं हँडल उपसून काढलं (त्याच्याशिवाय पाठ वर होत नाही) आणि ते मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसलो. तू पाहिलं असतंस तर खूश झाली असतीस.

पुढचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. दर थोड्या वेळाने मी माझ्या फोनवर बोट फिरवून बघे, तो त्याच्या फोनवर. त्याच्या खात्यातून पैसे गेले होते, माझ्या खात्यात आले नव्हते, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होतो. पण दोघांनाही दुसरा खोटा वाटत होता. त्याने बँकेला फोन लावला, तिथली बाई त्याला एक दाबा, दोन दाबा करत राहिली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दुधाची पिशवी घेऊन येत होते, ते पलंगापाशी अडकले आणि अडकल्या अडकल्या त्यांनी आमचा निवाडा करायला घेतला. त्यांच्या मते मोबाइलवरचे पैसे म्हणजे पत्ता लिहिलेलं पण पेटीत न टाकलेलं पाकीट. मला ते फार पटलं. हमालांनी थांबण्याचे वेगळे पैसे होतील असं जाहीर केलं. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. हिने चष्मेवाल्याला चहा दिला, आणि कप देताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, जाऊ द्या त्यांना. आजारी माणूस वाट बघतंय." मी म्हणालो, खुर्चीच्या वेळीही आजारी माणूस होतंच. बोलल्यावर माझं मलाच बरं वाटलं नाही, पण हँडल सोडवेना.

मग त्याचा फोन वाजला. त्याच्या बहिणीचा होता. आईला स्ट्रेचरवर घेतलं, निघतोय म्हणत होती. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या पायाशी खालच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "काका, ते पैसे कुठे गेले मला माहीत नाही. मी परत देतो, रोख देतो. पहिले आले तर परत करा, नाही आले तर माझं नशीब. पण पलंग जाऊ द्या." आणि तो पलंगाखालून कसाबसा सरपटत निघून गेला. दुकानाच्या मालकाकडून पगाराची उचल घेऊन घामाघूम होऊन आला. मी नोटा मोजल्या. सवयीने पुन्हा एकदा मोजल्या. एक-दोन उजेडात धरून पाहिल्या. दुसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा ही आत निघून गेली. मग हँडल दिलं, पलंग सुटला, पोस्टमास्तरही सुटले.

तर अशी ही हकीकत. तू घातलेली अट मी पाळली, आणि ऑनलाइनच्या भानगडीत न पडता रोख हातात घ्यावी हे तुझं म्हणणं किती खरं आहे ते आज सिद्ध झालं. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
या खेपेला न फसलेला भाऊ

ता. क. पत्राचं पाकीट बंद करायचं राहिलं म्हणून बरं झालं. ताई, तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. बाबांचा मोबाइल मी बंद केलेला नाही. टेबलाच्या खणात असतो, मी अधूनमधून चार्ज करतो, रिचार्जही मीच मारतो. का, ते विचारू नकोस. तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला तर मला चालणार नाही. आज चार्जिंगला लावला तर त्यावर पैसे जमा झाल्याचा संदेश. बाबांच्या आजारपणात औषधवाल्याला, नर्सला, ऑक्सिजनवाल्याला, सगळ्यांना मी तोच नंबर देत होतो. जिभेला तोच वळला आहे, आणि आज मी चष्मेवाल्यालाही तोच दिला. आडनाव आपलंच होतं, पण मागचं मुंगीएवढं नाव बाबांचं होतं. पलंगाचे पैसे ज्याचा पलंग त्याच्या खात्यात गेले.

ता. क. दोन. हिला संदेश दाखवला. तिने नोटांचं पाकीट कपाटातून काढून माझ्या हातात दिलं आणि दार उघडलं. (तुझा वाटाही त्यातच होता. तो तू बाबांच्या खात्यातून काढून घे, जोडीला तुझं नाव आहेच. माझा मात्र तिथेच राहू दे, आणि खातं बंद करायचा अर्ज तूर्त देऊ नकोस.) फोनवर पत्ता विचारून गेलो. चष्मेवाल्याचं घर एका खोलीचं आहे. मी पाकीट पुढे केलं, चूक सांगितली, हात जोडले. त्याने ओरडावं असं मला वाटत होतं, तो ओरडला नाही. मोजलेही नाहीत त्याने. त्याच्या बहिणीनेच सांगितलं की अॅम्ब्युलन्स पलंगाच्या आधी आली, आणि पलंग लागेपर्यंत आईला दाराबाहेर स्ट्रेचरवर कण्हत थांबावं लागलं. ताई, मी तेव्हा नोटा उजेडात धरून बघत होतो. मला लाज वाटली, आणि अजून वाटते आहे.

ता. क. तीन, आणि खरं काम हेच. चष्मेवाल्याच्या आई पलंगावर टेकून बसल्या होत्या, घाबरलेल्या, पुन्हा पायावर उभं राहता येईल की नाही या धास्तीत. मला पाहून म्हणाल्या, "ज्यांचा हा पलंग, ते तुमचे वडील ना? उठून चालायला लागले ना ते?" धीर यावा म्हणून मुलाने त्यांना तसं सांगितलं होतं. तो त्यांच्या उशाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणालो. म्हणालो, बरे झाले, आता पलंग लागतच नाही. त्या म्हणाल्या, मग फोन लावून द्या, किती दिवस दुखतं ते एकदा त्यांनाच विचारते. मला दुसरं काही सुचलं नाही. बाबा सध्या ताईकडे राहायला गेलेत म्हणालो आणि तुझा नंबर दिला. (चष्मा लावून, फोनमध्ये बघून दिला. बरोबर आहे.) त्या उद्या सकाळी तुला फोन करतील, हे पत्र तोवर पोचणार नाही, म्हणून हिच्या फोनवरून याचा फोटो काढून आत्ताच पाठवतो आहे. वाचून मला फोन करू नकोस. त्यांचा आला की सांग, बाबा फिरायला गेलेत. आणि किती दुखतं असं विचारलंच, तर सांग की सुरुवातीला फार दुखतं, मग एक दिवस सकाळी उठून बसता येतं, असं बाबा म्हणतात. मला ते सांगताना आवाज नीट ठेवता आला नाही. तू मोठी आहेस, तुला जमेल.