काठीचं खालचं टोक

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
सोलापूर, ५ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल घरात आलं ते असं: आखूड बांबू दोन, एकशे साठ रुपये, सुतळीचा गुंडा एक, चाळीस, आणि तुझं पत्र. ते बार्शी गाडीच्या कंडक्टरने आणून दिलं, फुकट. तिन्हीत स्वस्त तेच, आणि कामाचंही तेच निघो.

आता मन घट्ट करून वाच. मंगळवारच्या वादळात मागची विटांची भिंत पडली. त्या बाजूचं पत्र्याचं छप्पर आता दोन खांब, वरचा वासा आणि खालची फळी एवढ्या चौकटीवर उभं आहे. वारा आला की चौकट कधी इकडे झुकते, कधी तिकडे. नेमका तिच्याखाली तुझ्या बाबांचा पलंग. चिंचोळीला कारखान्यात मांडीचं हाड मोडल्यापासून पायाला वजन टांगलेलं. दिवाळीपर्यंत पलंग तसूभर हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

सुतार, वेल्डर कोणी येत नाही, अर्ध्या वस्तीचे पत्रे उडालेत. दुधनीचे तुझे काका फोन उचलत नाहीत. यंदा भूमितीत तुला वर्गात सगळ्यांत जास्त गुण आहेत, असं पत्रात लिहिलंयस ना? मग सांग, खांब शाबूत, वासा शाबूत, तरी चौकट पडायला का बघते? वसतिगृहाच्या फोनवर दोन मिनिटं मिळतात आणि त्यात आकृती दिसत नाही. चित्र काढून पाठव.

अंगावर पांघरूण घेत जा.
तुझी आई

बार्शी, ६ ऑक्टोबर

ती. आईस, शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. आई, खराट्याच्या चार काड्या घे, टोकांना टाचण्या टोचून चौकोन कर आणि बोटाने ढकल. चारही बाजू तेवढ्याच राहतात, तरी तो झोपतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण कर. कितीही ढकल, हलत नाही. तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोन ठरले. त्यांना सरकायला जागाच नाही. आमच्या बाई याला बाबाबा कसोटी म्हणतात. बाबांना सांग, ही त्यांची हाक नव्हे, बाजू-बाजू-बाजू आहे.

म्हणून आणखी खांब लावू नकोस. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरकी बाजू घाल. एका चौकोनाचे दोन त्रिकोण होतील. चित्र मागच्या पानावर आहे.

बाबांच्या उशाशी बसत जा.
तुझी ज्ञानदा

सोलापूर, ८ ऑक्टोबर

चि. ज्ञानदा हिस, आशीर्वाद.

काड्या करून पाहिल्या. तुझे बाबा म्हणाले, पोरगी लई शहाणी झाली की, आता भाकरीपण तीन कोपऱ्यांची थापा. फार दिवसांनी हसले.

ते हसू एका दुपारपुरतंच. लांब बांबू कुठे मिळेना, म्हणून घरातले दोन आखूड बांबू मधोमध सुतळीने जोडून तिरके बांधले. काल वारा सुटला. सांध्यात बांबू वाकला, चौकट कलंडली आणि एक पत्रा वजनाच्या दोरीवर आला. तुझ्या बाबांची किंकाळी ऐकून शेजारच्या काशम्मा हातातलं टाकून धावत आल्या. पत्रा दोघींनी उचलला. तुझी कसोटी खोटी, की माझे हात?

पोरी, मला काही सुचत नाही.
आई

बार्शी, ९ ऑक्टोबर

ती. आईस, नमस्कार.

कसोटी खरी आहे आणि तुझे हातही. पण बाजू मध्ये वाकली की तिच्या दोन बाजू होतात. मग तो त्रिकोण उरत नाही, परत चौकोनच. अख्खी, सरळ, न जोडलेली बाजू हवी.

आई, तेवढी लांब वस्तू घरात एकच आहे. देवाच्या कोपऱ्यात उभी आहे. नाव लिहायला माझा हात धजत नाही. वर्गात फळ्यावरचा प्रत्येक चौकोन मला झुकलेला दिसतो गं.

रागावू नकोस.
ज्ञानदा

सोलापूर, १० ऑक्टोबर

चि. ज्ञानदा हिस,

तू नाव घेतलं नाहीस, पण मी सुतळीने कोपरा ते कोपरा माप आधीच घेऊन ठेवलं होतं. खंडेरायाची काठी चार बोटं जास्तच भरली.

तुझ्या आजीचा नेम तुला ठाऊक आहे. ही काठी सदा उभी ठेवायची, तिरकी नाही. तिला लोखंड लावायचं नाही, पाय लागू द्यायचा नाही. चंपाषष्ठीला बाळे गावच्या खंडोबाच्या जत्रेत तुझे बाबा ती नाचवतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, छप्पर पडलं तरी चालंल, पण देव वाशाला बांधायचा न्हाय. सकाळभर भिंतीकडे तोंड करून होते. मी भंडारा वाहिला, शेंड्याचं पिवळं फडकं वर ठेवलं, देवाला म्हटलं, तुझी सेवा करणाराच खाली निजलाय, आणि बांधली. पाप असेल तर माझं.

चौकट थांबली. वरचा कोपरा तर दगडासारखा झाला. पण सुतळी कितीही आवळली तरी खालचं टोक सरकतं. काठीला खिळा मारायचा नाही, म्हणून सुतळी अडकवायला फळीत खिळे ठोकून पाहिले. फळी भिजलेली, खिळे उपटून येतात. टोक सुटलं की तिसरी बाजू गेलीच. म्हणून मी ते हातांनी धरून बसलेय. पायाने धरता येत नाही. काशम्मा थोडा वेळ धरतात, तेवढ्यात मी भाकऱ्या उरकते.

आत्ता एका हाताने लिहितेय, अक्षर तिरकं आलं तर चालवून घे. परत वारा सुटलाय. तुझ्या बाबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि पलंगावरून हात लांब करून माझ्या मुठीच्या वर काठी धरली.

काशम्मा हे पत्र गाडीवर देतील. लोखंडाशिवाय खालचा कोपरा कसा बांधायचा, चित्र काढून त्याच गाडीने उलट कळव. तोवर आम्ही दोघं धरून आहोत.

आई