निळी पट्टी, जांभळी पट्टी

१२ जानेवारी

चि. खडू यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

(‘खडूस’ लिहिणार होतो, पण पहिल्याच ओळीत भांडण नको.)

तुझी भेट पोचली. काचेची पाटी आणि तिच्यावर लिहायचं हे पेन. पहिले दोन दिवस मी पेनाचं टोपण शोधत होतो. शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, की याला टोपण नसतं, शाई नसते आणि खिशाला डागही पडत नाही. डाग न पाडणारं पेन म्हणजे न भांडणारा भाऊ. असेलही, पण विश्वास बसत नाही. हे पत्र त्याच पेनाने लिहितो आहे. तिकडे तुझ्या यंत्रातून ते कागदावर उतरेल म्हणतात. हात थरथरला की रेघही थरथरते, एवढ्यावर मी खूश आहे.

परवा ती पाटी मांडीवर घेऊन बसलो आणि छापखाना आठवला. उत्तरेची खिडकी आठवते का रे तुला? लहानपणी तू तिच्या कट्ट्यावर पाय हलवत बसायचास. दक्षिणेचं ऊन रंगाला खोटं बोलायला लावतं, उत्तरेचा उजेड साक्षीदारासारखा सरळ असतो, असं आमचे थोरले मास्तर म्हणायचे. प्रूफ बघायच्या दिवशी मी करडा सदरा घालायचो, कारण रंगीत सदऱ्याची झाक कागदावर पडते. अकराच्या सुमाराला खिडकीत उभा राहायचो, आणि मी मान हलवली की मगच मशीन फिरायचं. सगळा छापखाना माझ्या मानेकडे बघत असायचा. तुझ्या काकूने आयुष्यात तेवढा मान दिला नाही.

हल्ली मात्र संध्याकाळ फार लवकर होते. भिंतीचा चुनासुद्धा जुन्या क्रमिक पुस्तकाच्या पानासारखा दिसतो. शाळेत कविता पाठ करायची खोड अजून जिभेवर आहे, म्हणून दोन ओळी मीच जुळवल्या:

पिवळी झाली सांज, पिवळी झाली वाट,
पिवळ्या कागदावरती कुणी काढली पहाट.

हसू नकोस. म्हाताऱ्या माणसाला यमक जुळलं की जेवण गोड लागतं.

आत्याची तब्येत विचारत जा. जिव्हाळा कमी करू नकोस.

तुझा,
काका

२० जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र छापून भिंतीला लावलं. यमक छान आहे, मात्र पहाट पिवळ्या कागदावर काढली तर ती दिसणार कशी, हे तुम्हीच छापखान्याच्या भाषेत समजवा.

आता कामाचं. एका औषध कंपनीच्या डब्यांची लेबलं मला मिळाली आहेत. हृदयाचे ठोके आवरणारी गोळी आहे, दोन ताकदींची. कमी ताकदीला निळी पट्टी, चौपट ताकदीला जांभळी. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच, पांढऱ्या, गोल. ताकदीचा आकडा लेबलावर असतो, पण मोहरीएवढा. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, म्हणून तर कंपनीने रंगांची पट्टी आणली. आपली आत्या हीच गोळी घेते, निळीवाली. आता तिच्या डब्यावर आपल्या घरची छपाई असेल, म्हणून ती आत्तापासूनच शेजारणींना सांगत सुटली आहे.

माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला आणि आत्याला, तिसऱ्या कुणाला नाही. दुसरीत असताना मी तपकिरी घोडा हिरवा रंगवला तेव्हा बाईंनी छडी उगारली होती, आणि तुम्ही मला घरी आणून रंगीत लोकरीचे गुंडे वेगळे करायला लावले होते. त्या दिवसापासून माझा डोळा तुम्ही आहात. निळा आणि जांभळा मला एकाच आईची जुळी लेकरं वाटतात. संगणकावर आकडे असतात, तेवढ्यावर मी डिझाइन करतो. पण कागदावर काय उतरलं हे आकडे सांगत नाहीत. जुना मशीनवाला गेल्यापासून छपाई मी एकटाच करतो, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नाही.

म्हणून छापलेली पट्टी पार्सलने पाठवतो आहे. करडा सदरा घाला, खिडकीत उभे राहा आणि मान हलवा. सोबत फाईलही पाटीवर पाठवली आहे. ‘पास’ असं तुमच्या पेनाने तिच्यावरच लिहा, मी तसं कंपनीला दाखवीन.

तुमच्या कृपेतला,
खडू

२९ जानेवारी

चि. खडू यास अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. करडा सदरा आता पोटावर बसत नाही, वरची दोन बटणं लावून भागवलं.

पट्टी दोन दिवस खिडकीत धरून बघितली. आपल्या या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, पण समोर नवी इमारत आली, त्यामुळे उजेड चाळणीतून आल्यासारखा येतो. मग तुझी फाईल उघडली. काय गंमत आहे रे ही. पेनाने पाटीवरची रंग मोजायची नळी एखाद्या रंगावर टेकवली की तो बिचारा आपली जातकुळी सांगून टाकतो, इतकी गुलाबी, इतकी निळी, इतकी काळी. आम्ही ते शिकायला अकरा वर्षं शाई ढवळली. मी दोन्ही पट्ट्यांना नळी लावली. जांभळीत गुलाबी भाग भरपूर आहे, निळीत नावाला. जसे हवेत तसेच आकडे आहेत.

तेव्हा रंग पास. फाईलवर लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. सहीचं शेपूट जरा लांब गेलं, पेन थांबलं नाही.

आत्याने फोनवर विचारलं, की डोळे तपासून किती वर्षं झाली. मी म्हटलं, सोनाराने आपलं सोनं दुसऱ्याकडे घासायला द्यायचं का. ती नुसती हं म्हणाली. तिचं हं तुला माहीत आहे.

माया राहू दे.

काका

१० फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

पहिला माल गेला. कंपनीच्या बाईंनी तुमची सही बघितली आणि विचारलं, की हल्ली असं रंग बघणारं माणूस मिळतं कुठे. मी म्हटलं, घरात. वर्षभराचं काम देणार आहेत.

मध्ये जरा धाकधूक झाली होती. छपाई संपवून मशीन साफ केलं, तर गुलाबी शाईच्या तोंडात गाठ बसलेली. कधीपासून बसली होती कोण जाणे.  मग म्हटलं, पट्टी तर काकांनी खिडकीत धरून पास केली आहे. गुलाबी कमी पडली असती तर जांभळी निळी दिसली असती, आणि ते तुमच्या नजरेतून सुटलं नसतं. लगेच शांत झोप लागली.

आत्याला सांगून ठेवलं आहे, की चष्मा शोधत बसू नकोस, निळी पट्टी बघ आणि घे.

तुमचा,
खडू

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी कागदावर लिहिते आहे. तुझ्यासारखं काचेवर लिहायला मला अजून कागदाचा कंटाळा आलेला नाही.

आपल्या पोराच्या लेबलाचा डबा आणला. काय सुरेख छापलंय. दुकानदाराला मी मुद्दाम सांगितलं, की हे माझ्या भाच्याचं काम. तो म्हणाला, आजी, पण तुमच्या भाच्याला एकच रंग आवडतो वाटतं. त्याच्या फळीवर सगळे डबे निळेच होते. मी विचारलं, जांभळे कुठे गेले? तर म्हणाला, जांभळे अजून आले नसतील. त्यातलाच एक काढून दिला.

बाकी ठीक म्हणायचं. चार दिवस झाले, सकाळी उठताना भिंत धरावी लागते. काल भांडं हातातून सुटलं. वरच्या मजल्यावरची नर्स येऊन नाडी बघून गेली, चव्वेचाळीस म्हणाली आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, अगं, घड्याळसुद्धा म्हातारपणी मागे पडतं. सोमवारी डॉक्टरकडे जाईन. तोवर गोळी चुकवायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू मात्र डोळे दाखवून ये. मागच्या खेपेला आलास तेव्हा माझ्या जांभळ्या लुगड्याला राखाडी म्हणालास. मी तेव्हा काही बोलले नाही.

माया आहेच, ती कुठे जाते.

ताई

१ मार्च

खडू,

आशीर्वाद आहेतच.

ताईचं पत्र दुपारी आलं. ‘जांभळे अजून आले नसतील’ ही ओळ शिंपीणबाईंना पुन्हा वाचायला लावली. मग तुझी पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि रंग विचारले. त्या म्हणाल्या, हा निळा. आणि हा? हाही निळाच की.

मी ताईला फोन केला. भिंग घेऊन तो मोहरीएवढा आकडा वाच म्हणालो. तिने वाचला. चौपट. नर्सबाईंना बोलावून घेतलं, आता ती दवाखान्यात आहे. फोनवर मी तुला हे सांगितलं, पण फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. कंपनीला दाखवायला तुझ्या हातात कागद हवा, म्हणून लिहून देतो.

मला गेली दोन वर्षं जांभळा दिसत नाही. निळाही पुरता दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा पिवळा पडदा आहे, डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. मी कुणाला बोललो नाही, कारण तुझा धंदा माझ्या मानेवर चालतो हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मान हलवायची हौसही होती. छापलेली पट्टी मला मातकट दिसली, दोन्ही सारख्याच. म्हणून मी फाईलचे आकडे बघितले. कागद पास करायचा होता, मी फाईल पास केली. तुझी आंधळी बाजू माहीत असलेल्या दोघांतला मी एक, आणि माझी मी तुझ्यापासून लपवली.

जांभळा म्हणून गेलेला प्रत्येक डबा निळा आहे. आजच्या आज कंपनीला कळव.

काका

३ मार्च

ती. काकांस सा. न.

आत्याला अजून यंत्र लावलं आहे. शुद्धीवर आहे, मधून मधून बोलते. नाडी पन्नासला आली. डॉक्टर म्हणतात, आणखी चार दिवस घेतली असती तर ठोका थांबला असता.

काका, मी अजून कंपनीला कळवलेलं नाही. पूर्ण वाचा आणि मग रागवा. कळवलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, की छापणाऱ्याला दिसलं कसं नाही. मग माझं सगळं बाहेर येईल. रंग न दिसणाऱ्या छापखानेवाल्याला पुन्हा काम कोण देईल? आणि सही तुमची आहे. या वयात तुम्हाला कुणाच्या कचेरीत उभं करायचं का?

मी दुसरी वाट काढली आहे. बरोबर लेबलं रात्रंदिवस छापतो आहे. दुकानांची यादी माझ्याकडे आहे, मी स्वतः जाऊन डबे बदलून आणतो. लेबल जरा फिकं आलं होतं असं सांगतो. काल नऊ दुकानं झाली. मला आठ दिवस द्या. तुमचं ते पत्र मी छापलेलं नाही, आणि तुमच्या सहीची फाईलही पुसून टाकली आहे.

तुमचाच,
खडू

५ मार्च

चि. खडू यास आशीर्वाद.

तू मागितलेले आठ दिवस मी दिले नाहीत. तुझं पत्र वाचून झाल्यावर लगेच कंपनीला फोन केला. एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजोबा, सावकाश पुन्हा सांगा, मी लिहून घेते. मी तुझ्या डोळ्यांचंही सांगितलं. ते सांगायचा अधिकार तुझा होता, तो मी घेतला. दुकानातले डबे तू उचलशील, पण जे घरोघरी गेले त्यांचं काय? आत्याला भाऊ होता आणि वर नर्स राहत होती. बाकीच्यांच्या वर कोण राहतं ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही.

संध्याकाळी त्याच बाईंचा फोन आला. चारशे बारा डबे गेले होते. तीनशे सत्तर दुकानांतच सापडले. बेचाळीस लोकांच्या हातात पडले, त्यांतला एक आपल्या ताईचा. कुठल्या दुकानातून गेले ते कळलं आहे, आणि ते ते दुकानदार आपापल्या गिऱ्हाइकांना फोन लावताहेत. आज सकाळपर्यंत एकोणचाळीसांनी उचलला. त्यांतले सात जण दवाखान्यात आहेत. दोन घरांत घंटा नुसती वाजते.

त्यातलं एक घर माझ्या गल्लीच्या मागे आहे. आमच्या चौकातल्या औषधवाल्याने सांगितलं, एक निवृत्त मास्तर आहेत, एकटेच राहतात, मंगळवारपासून दिसले नाहीत. त्याला दुकान सोडता येत नाही. मी जातो म्हणालो. त्याने खूण सांगितली, की तीन दारं एका ओळीत आहेत, एक हिरवं, एक निळं, एक जांभळं. मास्तरांचं जांभळं.

शिंपीणबाई खाली उभ्या आहेत. त्यांना सोबत घेऊन निघतो आहे, कारण कुठलं दार ठोठावायचं ते मला दिसणार नाही.

लोभ राहिला तर आनंद आहे, राग राहिला तरी तुझा हक्क आहे.

काका