चंद्रा उपाशी

२२ जून, रवि.
दुपारी चंद्रा आली. म्हातारी घोडी, सकाळपासून लोळतेय. मालक मैलापूरचे रावमामा, तंजावरकडचे मराठी. घोडेस्वारी शिकवायचे, क्लबने हिला काढलं तेव्हा स्वतःच घेऊन बसले. कळ थांबावी म्हणून घरीच इंजेक्शनं दिली, एकावर एक! दुखणं दबलं, आत आतडं काळं पडत गेलं. पोट उघडलं. लांब देठाची चरबीची गाठ, लहान आतड्याला फास घालून बसलेली. मेलेला भाग कापला, टोकं जोडली. हात भरून आलेत माझे.

२३ जून, सोम.
उभी आहे. नाकातल्या नळीतून पोटातलं पाणी बादलीभर येतंय, म्हणजे आतडं अजून हलत नाही. तोंडाला मुसकं बांधलं. मामांना बजावलं, लीद पडेपर्यंत गवताची काडी नाही. "तिज भूक लागेल की हो, डॉक्टरम्मा." लागू दे! आई साताऱ्याहून म्हणायची, चेन्नईत मराठी बोलायला कोण मिळणार. मिळालं. ऐकत मात्र नाही.

२५ जून, बुध.
पाणी कमी होत आलेलं. संध्याकाळी परत बादली, आणि त्यात हिरवा पाला. पाला!! मुसकं खुंटीला. मामा शांतपणे, "अमावास्या नव्हे का आज? गाईस अगत्ती कीरै घालतात. म्हटलं, चंद्रासच घालू. पुण्य तिजच लागो." हादग्याच्या पाल्याची अख्खी जुडी, ताज्या टाक्यांवर. इतकी ओरडले की शेजारची शिंगरं बिथरली.

२६ जून, गुरु.
ताप. पोट फुगलंय. उद्या सकाळपर्यंत उतरलं नाही तर परत उघडायचं. या वयात दुसरी भूल सोसेलसं वाटत नाही, मामांना स्पष्ट सांगितलं. त्यांचा डबा तसाच. विचारलं तर कळलं, रविवारपासून नुसत्या कॉफीवर. "ती उपाशी असता मी कसा जेवू?" कपाळ माझं! वाईट वाटलं, खूप. पण बोलले रागावूनच.

२७ जून, शुक्र.
ताप थोडा कमी. पाणीही. डाव्या कुशीला गुडगुड ऐकली, एकदाच. ऑपरेशन दुपारपर्यंत थांबवलंय. मामांना गुडगुड सांगितली नाही, आनंदाच्या भरात परत काही भरवायचे. इडली पुढे केली तर, "लीद पडो, मग." मुसक्याला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात. दोघंही माझ्याकडेच बघत बसलेत.
लीद अजून नाही.