मामाचा अंगठा

३ मार्च
आज सहा आठवडे झाले. ह्यांचं मूत्रपिंड चिरंजीवांच्या पोटात झकास चाललंय. "भाड्याने दिलंय, जपून वापर!" — बाप लेकाला म्हणतो. दोघे खिदळतात. गोळ्यांचा डबा माझ्याकडे. शरीराने परकं मूत्रपिंड हाकलून देऊ नये म्हणून तीन तऱ्हेच्या गोळ्या. एकही वेळ चुकलेली नाही!

९ मार्च
लेक लंगडत चहाला आला. अंगठा लालभडक, टम्म सुजलेला. चादर लागली तरी कळवळतो. "आई, मला मामाचा अंगठा झाला!" — हसतच म्हणाला. मी म्हटलं, बूट चावला असेल.

१० मार्च
इथे तरी खरं लिहिते.
शस्त्रक्रियेआधी नर्सबाईंनी लांबलचक फॉर्म भरून घेतला होता. "आईकडच्या कुणाला तरुणपणीच युरिक अ‍ॅसिडचा, मुतखड्याचा त्रास?" मी म्हणाले, नाही. धडधडीत नाही! माझा भाऊ विसाव्या वर्षापासून सुजल्या अंगठ्याचा पाय उशीवर ठेवून बसतो. दोनदा खडे काढलेत. घरात त्याची नुसती थट्टा. पण त्याचे डॉक्टर मला म्हणाले होते, "हा जन्मजात दोष आहे, घरातल्या मुलांना तपासून घ्या." मला ठाऊक होतं. वाटलं, 'हो' म्हटलं तर शस्त्रक्रियाच रद्द करतील. तीन वर्षं डायलिसिस करून पोरगं वाळून काटकी झालं होतं.
आणि एकवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लोकांचे अर्धवट फॉर्म परत पाठवते मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान...

१२ मार्च
रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंड मागे पडतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर नाकारतंय बहुतेक. गोळ्या वाढवू." तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. भडाभडा सगळं सांगितलं.
ओरडल्या नाहीत. तेच वाईट. "या दोषात तिन्हींपैकी एक गोळी आम्ही टाळतो. तिने दोष उफाळतो. नवं मूत्रपिंडही जाऊ शकतं." मग विचारलं, "लहानपणी ह्याच्या लंगोटांवर नारिंगी, वाळूसारखं काही दिसायचं?"
दिसायचं. कित्येक महिने. सासूबाई म्हणायच्या, उष्णता आहे, पाणी पाज.
बाहेर बाकावर हे एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचंस." हात कुशीवरच्या टाक्यांवर होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

१३ मार्च
ती गोळी बंद. दुसरी सुरू. रोज रक्ततपासणी.

१९ मार्च
क्रिएटिनिन उतरतंय! अंगठाही निवला. तपासणीत मात्र तोच दोष निघाला. हे अजून बोलत नाहीत, पण सकाळी माझ्या कपात चहा ओतला. तेवढ्यावर मी रडले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष आईकडून मुलग्यात येतो. मुलगी असेल तर तिला कळवा. तिला स्वतःला त्रास होत नाही, पण तिच्या मुलग्याला होऊ शकतो." हो म्हणाले. आमच्या लेकीला, ताईला, आत्ता कशाला? पहिलंच बाळंतपण, आधीच जागरणांनी दमलेली. बाळ जरा मोठं होऊ दे. मग सांगू.

२३ मार्च
ताईचा फोन. नातू आज चार महिन्यांचा. "आई, लंगोटांवर रोज काहीतरी नारिंगी, वाळूसारखं लागतंय गं. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला काही जन्मजात दोष? मी सांगून टाकलं — नाही."