मागची खोली रिकामी करून मिळेल

प्रिय आई,

आधी 'तीर्थरूप' असं लिहून पाहिलं, पण ते लिहिताच हात आपोआप 'पत्रास कारण की'कडे वळायला लागला, आणि कारण इतक्यात सांगायचं नाहीये. म्हणून कागद बदलला.

खुशाली म्हणाल तर तुमचे चिरंजीव ठणठणीत आहेत. तुम्ही गेल्यापासून सकाळचा चहा ते करतात आणि तो आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता पितो. तुमच्या खिडकीतल्या कुंडीला मी न चुकता पाणी घालते, तरी ती पानं गाळतेय. वन्संचे गुडघे कसे आहेत? त्यांच्या गुडघ्यांसाठी म्हणून तुम्ही आठ दिवस गेलात, त्याला आता महिना उलटला. परवा मी फोन केला तेव्हा वन्सं वरच्या मजल्यावरून धावत खाली आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, गुडघ्यांनी अगदी हैराण केलंय. तुम्ही आंघोळीला गेला होतात म्हणे. त्याच्या आदल्या फोनच्या वेळीही तुमची आंघोळच चालली होती.

माझ्या परीक्षेचं सांगते. इतकी वर्षं मी घरांच्या दलालीच्या त्या ऑफिसात नुसते फोन उचलले आणि किल्ल्या सांभाळल्या. घर दाखवायची वेळ आली की परवाना नाही म्हणून मागे. ऑफिसातल्या बाईसाहेब म्हणाल्या, परवान्याच्या परीक्षेला बस, तेव्हा तुमचे चिरंजीव या वयात अभ्यास म्हणून हसले. तुम्ही मात्र चष्मा पुसून म्हणालात, "बघू ते पुस्तक." त्या दिवसापासून मी घरात वकिलीणबाई झाले. भाजी निवडता निवडता तुम्ही प्रश्न विचारायचात आणि मी चुकले की निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लावायचात. गहाण ठेवणारा कोण आणि घेणारा कोण, यात माझा रोज घोळ. बँक तर कर्ज देते, मग ती घेणारी कशी? आणि घर गहाण पडलं तरी मालक त्यातच राहतो, हे तुम्हालाही पटेना. शेवटी तोडगा तुम्हीच काढलात. "आमचे हे नव्हते का? राहायला घरात, आणि जीव सगळा पत्त्यांच्या अड्ड्यावर गहाण. ठेवणारे हे, घेणारे ते मित्र, आणि सोडवून आणायला मी!" लेखी परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. बाबांचं स्मरण करून उत्तर लिहिलं, आणि बरोबर आलं.

घर विकलं की त्याच्याबरोबर काय जातं, तो धडा आठवतो? भिंतीत पक्कं बसवलेलं ते घराचं, नुसतं ठेवलेलं ते मालकानं उचलून न्यायचं. तुम्ही घरभर फिरून एकेक वस्तू हलवून पाहिलीत. बाबांनी स्क्रू पिळून बसवलेला आरसा घराबरोबर जाणार, हे ऐकून तुम्ही भडकलात. "आरसा मी नेणार, कायदा गेला खड्ड्यात!" मग सोफ्यावर आडव्या पडलेल्या चिरंजीवांनाही हलवून पाहिलंत आणि म्हणालात, "हे मात्र पक्कं बसवलेलं दिसतंय." मी हसून हसून पुस्तक खाली टाकलं होतं.

आणि ती तालीम! तोंडी परीक्षेत परीक्षकच गिऱ्हाईक होऊन येतात, म्हणून तुम्ही गिऱ्हाईक झालात. ठेवणीतली पर्स काढलीत, बाहेर जाऊन बेल वाजवलीत आणि स्वतःच्याच घरात "येऊ का?" म्हणत शिरलात. काय तो तोरा! नळ सोडून पाहिलेत. ओट्यावरून बोट फिरवून ते माझ्या नाकासमोर धरलंत. शेजार भांडकुदळ आहे का, हे इतक्या मोठ्यानं विचारलंत की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मलाही चेव चढला. उजेड, वारा, बाजार जवळ, सगळं घडाघडा म्हणत होते. मागच्या खोलीच्या दारात तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "आणि ही?" ऑफिसात आम्ही उठताबसता जे वाक्य म्हणतो तेच मी फेकलं. "मागची खोली रिकामी करून मिळेल, काळजीच नको." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि पर्स मिटलीत. मला वाटलं, गिऱ्हाईक खूश झालं. दुसऱ्या दिवशी वन्संचे गुडघे दुखायला लागले.

गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षक म्हणाले, तुमच्या माहितीचं कुठलंही घर दाखवा. मी आपलंच दाखवलं. ओल कुठे येते तेही सांगितलं, कारण दोष लपवायचा नाही असा नियमच आहे. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मागची खोली रिकामी मिळेल ना?" नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तुम्ही त्या दारात पर्स धरून उभ्या दिसलात. आई, तोवर माझ्या डोक्यात खरंच आलं नव्हतं हो. घर ज्यांच्या नावावर, ज्यांनी मला शिकवलं, त्यांचीच खोली मी त्यांना रिकामी करून देत होते! मी म्हटलं, "नाही मिळणार. तिथे माझ्या सासूबाई राहतात आणि त्या कुठेही जाणार नाहीत. पटत नसेल तर दुसरं घर बघा." परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही घर विकायला आलात की राखायला?" मी "राखायला" म्हटलं आणि भोकाड पसरलं. त्यांना पाणी मागवावं लागलं. घरात कोणी राहत असेल तर ते आधी सांगायचं, हाही नियम असल्यामुळे त्याचे पूर्ण गुण मिळाले. विक्रीच्या कौशल्यात भोपळा. काठावर पास झाले.

आता पत्रास कारण. परवाना आलाय. तो भिंतीवर लावायला चिरंजीवांनी हातोडी घेतली आणि तीन ठिकाणी पोपडे पाडले. बाबांच्या आरशाला तसूभरही धक्का लागलेला नाही. तुमच्या खोलीतलं काही इकडचं तिकडे केलेलं नाही. वन्संचे गुडघे बरे झाले आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी चुकले, आई. मला तुमच्याशिवाय करमत नाही. उद्याच्या गाडीनं या. आणि किल्ली तुमच्याच पर्समध्ये आहे, तेव्हा या वेळी बेल वाजवू नका.

तुमचीच,
वकिलीणबाई