पायाचा कौल

आप्पा, त्या शुक्रवारी सकाळी चहाही न घेता मी बेळगावात वडगावच्या घरून स्कूटर काढली आणि नऊच्या आत आपल्या गावच्या देवळात पोचलो. तुमची नात तिकडं बेळगावातच दवाखान्यात होती, तिची आई तिच्याजवळ. तुम्ही हिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर जन्मली. दहा वर्षांची आहे, बोलायला तुमच्यासारखी कमी. तिच्या गुडघ्याच्या वर हाडात गाठ आली होती. तीन महिने औषधं सलाईनमधून दिली, केस गेले, पण गाठ काही बसली नाही. आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाय मांडीतून काढावा लागेल. काढला तर पोरगी वाचायची आशा चांगली आहे, थांबलो तर रोग छातीत उतरेल. मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि उद्या उजाडल्यावर देवाला विचारायला आलो.

गुरवानं विचारलं, "काय मागायचं?" मी म्हणालो, "पाय काढू द्यावा का, एवढंच." आता देवळात पंखा बसवलाय. वाऱ्यानं पाकळी हलू नये म्हणून त्यानं आधी तो बंद केला. मग ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. बऱ्याच वेळानं डावी पाकळी सुटली. "देव नगं म्हणतोय," गुरव म्हणाला. मला हायसं वाटलं. दुसऱ्या कुणापाशी हे बोलता आलं नसतं. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरून घेतल्यासारखं वाटलं आणि मी देवाला दोनदा नमस्कार केला.

दवाखान्यात परत येऊन मी बाईंना म्हणालो, पोरीला घरी नेतो. त्या कानडी मुलखातल्या, मराठी जपून बोलतात. त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, सगळे कागद देते. तो तुमचा हक्क आहे. दोन उपचारांतला एक निवडा, तोही हक्क आहे. पण उपचारच नको, हे तुम्ही तिच्या वतीनं ठरवू शकत नाही." मला राग आला. मी म्हणालो, "पोरगी माझी आहे. बाप मी आहे. मी बघतो काय करायचं ते." त्या चिडल्या नाहीत. "बाप आहात म्हणूनच तुमची सही मागते. दहा वर्षांच्या मुलीची सही कायद्यानं चालत नाही, म्हणून तिचा हक्क तुमच्या हातात दिलाय. तो तिचा आहे, तुम्ही फक्त सांभाळताय. पोरीला घरात बसवून ठेवलंत तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल." मी खोटं बोललो. म्हणालो, कोल्हापूरला दाखवतो. त्यांनी कागद दिले आणि त्याच बोलीवर पोरीला सोडलं.

स्कूटर तिथंच ठेवून आम्ही रिक्षानं निघालो. खडेबाजारात रिक्षा अडकली होती आणि मी मनातल्या मनात त्या समितीशी भांडत होतो. हिला रात्रंदिवस उचलून कोण फिरलं, शाळेत कोण सोडतंय, हे त्यांना काय माहीत. भांडता भांडता माझंच वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि ते मी आधी कुठं ऐकलं होतं तेही आठवलं.

आपल्या स्वयंपाकघरात, आप्पा. तुम्ही निपाणीच्या वखारीतून आला आहात, अंगाला तंबाखूचा वास आहे. तुम्ही जवळ घेतलं की माझ्या पाठची धाकटी शिंकायची आणि तुम्ही मुद्दाम पुन्हा जवळ घ्यायचा. त्या दिवशी ती शिंकत नाही. चार दिवस ताप आहे, मान ताठली आहे. निपाणीच्या डॉक्टरनं मिरजेला न्यायला सांगितलंय. आईनं चुलीशेजारी गाठोडं बांधून ठेवलंय, त्यात एक लुगडं, धाकटीचे दोन झगे, पितळी वाटी. तुम्ही देवळातून आला आहात आणि कौल डावा आलाय. आई एवढंच म्हणते, "डाक्टर जा म्हणालाय न्हवं?" तुम्ही म्हणता, "बाप मी हाय. माझ्या लेकराचं मी बघतो." आई खाली बसते, गाठोडं सोडते, झगे झटकून दोरीवर टाकते. धाकटी तिसऱ्या दिवशी गेली. तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. ना डॉक्टरनं, ना गावानं, ना आईनं. मीही नाही. तुम्ही त्यानंतर कधी कौल लावला नाही, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

एवढं आठवूनही मी कोल्हापूरला गेलो नाही. एक माणूस पायाला लेप बांधायचा, त्याच्याकडे नेलं. अठरा दिवस बांधला. मच्छे गावातल्या लोखंडी सुट्या भागांच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो. आणि घरी येऊन रोज पोरीच्या पायाला सुतळी लावून माप घ्यायचो, सूज वाढलेली दिसायची, आणि म्हणायचो, लेपानं थोडं फुगणारच.

शेवटी तिची आईच बोलली. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "देवाला काय इचारलासा?"

"पाय काढू द्यावा का, म्हणून."

"म्हंजे पायाचं इचारलासा. पोरगीचं कोण इचारणार? आनि तिला तरी इचारलासा काय? तुमच्या कारखान्यातल्या लोखंडाची चौकशी जास्त हुती की."

पोरगी आत पडून ऐकत होती. मी गेलो, तर तीच म्हणाली, "पप्पा, काढल्यावर दुखायचं थांबतंय काय?" मी म्हणालो, थांबेल. "मग शाळेत कशी जाऊ?" मी म्हणालो, कृत्रिम पाय बसवतात, तोवर मी नेईन. ती म्हणाली, "मैत्रिणी बघतील त्या पायाकडं." मी म्हणालो, बघतील. "बघूंद्यात. लई दुखतंय पप्पा."

दुसऱ्या दिवशी खरंच कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहून तेच सांगितलं, फक्त घाई करा म्हणाले. तिथून थेट बेळगावला आलो. वाटेत आपल्या गावाचा फाटा लागला. मी वळलो नाही. देवावरचा विश्वास उडाला असं समजू नका, दिवा रोज लावतो. पण त्याला काय विचारायचं आणि काय नाही, हे मला आता कळेनासं झालंय.

बाईंनी उशीर का झाला ते विचारलं, मग माझ्या तोंडाकडं बघून उत्तराची वाट पाहिली नाही. कागद कानडीत आणि इंग्रजीत होता. मी म्हणालो, मला पूर्ण समजल्याशिवाय सही करणार नाही, आणि पोरीलाही समजलं पाहिजे. खानापूरकडच्या एका नर्सनं खाटेशेजारी बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. पोरीनं विचारलं, काढलेल्या पायाचं काय करतात. नर्सनं तेही सांगितलं. पोरीनं मान हलवली. मग मी सही केली. दुसऱ्या सकाळी पाय काढला.

आता औषधं पुन्हा सुरू आहेत. छातीच्या फोटोत एक बारीक ठिपका आहे. तो आधीचा की त्या अठरा दिवसांतला, हे सांगता येत नाही, असं बाई म्हणतात. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होतो, पण तो आईपाशी आहे, ती रोज काढून पुसते. ती निपाणीला आक्काकडे, लेकीपाशीच असते, तिला आम्ही सगळं झाल्यावरच कळवलं. भेटायला गेलो तर तिनं पायाचं काही विचारलं नाही. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "डाक्टर म्हणाल्यावर लगीच न्हेलंस न्हवं रं तिला?"

मी व्हय म्हणालो, आप्पा.