सुकांतीची शेगडी

७ नोव्हेंबर
शेजारचे पास्टर दास आले होते. त्यांच्या चर्चची माणसं ओडिशाला चालली आहेत, चिलिका सरोवरातल्या एका बेटावर. चक्रीवादळात घरं गेलेले लोक तिथे आहेत. मलाही चला म्हणतात. मी ख्रिस्ती नाही, पण रेल्वेत असताना खुर्द्याला वर्षं काढली, त्यामुळे ओडिया येतं. त्यांच्यात कोणालाच येत नाही.
बायको, सुमन, म्हणाली, "तुमाले काहून जाचं आहे? गुडघे धड नाहीत अन् बेटावर जाऊन राहिले!" मग चिवडा करायला घेतला, म्हणजे परवानगी.

८ नोव्हें.
पास्टरांबरोबर उरल्याला, रायपूरबाहेरच्या कारखान्यांच्या भागात. छत्तीसगड राज्य झाल्यापासून तिकडे नुसते ट्रक आणि धूळ. चर्चमधल्या एकाची वेल्डिंगची शेड आहे, तो दोन दिवसांत लोखंडी शेगड्या करून देणार. बेघर झालेल्या प्रत्येक कुटुंबाला एक. कल्पना माझी. बाकीचे ब्लँकेट-बिस्किटांवर अडले होते. मी म्हटलं, ज्याचं घर गेलं त्याला आधी चूल द्या. सगळ्यांनी वा वा केलं. मीही फुगलो.

११ नोव्हें. बेट
बालुगाव स्टेशनला उतरून बोट. पाठ मोडली.
वाळूच्या पट्टीवरचं एक गाव समुद्राने नेलं. बेटावरच्या कोळ्यांनी एकेक कुटुंब आपल्या घरात ठेवून घेतलंय. आम्ही कुनी नावाच्या कोळणीकडे उतरलो. तिच्याकडे सुकांती नावाची म्हातारी आहे, मागेपुढे कोणी नाही. कुनी आधी तिला वाढते, मग नवऱ्याला.
जेवणाआधी पास्टरांची प्रार्थना. सुकांतीने हात जोडले, मग मला विचारलं, काय म्हणाले? देवाकडे अन्न मागितलं, मी सांगितलं. म्हणाली, "ते तर कुनीने दिलं." हसू दाबलं. पास्टरांना हिंदीत करून सांगितलं नाही.

१२ नोव्हें.
शेगड्या वाटल्या. गाणं, फोटो, सगळं छान.
संध्याकाळी कुनीने सुकांतीला जेवायला हाक मारली नाही. तांदूळ, मीठ, दोन कांदे पदरात घातले. "माउसी, आता तुझी चूल आली." एवढंच. म्हातारी पदर धरून तशीच उभी.
कुनीला गाठलं. म्हणाली, "माझ्या चुलीवरचं खात होती तोवर ती घरची. वेगळी चूल म्हणजे वेगळं घर. तुम्हीच वेगळं केलंत, बाबू."
आपल्याकडेही चूल वेगळी झाली म्हणजे काय होतं, हे मला कोणी शिकवायला हवं होतं? लाज वाटली.

१३ नोव्हें.
पास्टरांना म्हटलं, परत घेऊ. ते म्हणाले, "अंकल, दी हुई चीज़ वापस कैसे लें?" तरी आले बरोबर. माणूस भला आहे.
कुनी लगेच तयार. शेगडी बोटीत टाका, ताट आत्ता वाढते म्हणाली. मागच्या अंगणात गेलो तर सुकांतीने भात टाकलेला, कढ आलेला. शेगडीला हात लावू देईना. "कुनी फार चांगली आहे, बाबू. म्हणूनच घास उतरत नाही. किती दिवस तिच्या तोंडाकडे बघून खायचं?" आणि लगेच हळू आवाजात, "पण तिने घराबाहेर काढलं तर जाऊ कुठे?"
म्हणजे तिला शेगडीही हवी आणि कुनीचं घरही.
मी इकडून तिकडे निरोप नेत राहिलो. दोघींची भाषा एकच, तरी मधे मी! शेवटी कुनी म्हणाली, "एका घरातून दोन धूर निघणार नाहीत. कार्तिक पौर्णिमेपर्यंत तिने ठरवावं."
आमची बोट दुपारची होती. निघालो. दुसरं काय करणार.

१६ नोव्हें. रायपूर
उरल्याच्या शेडवाल्याने आणखी शेगड्या करायला घेतल्यात. पास्टर विचारतात, काय सांगू त्याला? थांबा म्हटलं. काहून, विचारलं त्यांनी. हो, "काहून" म्हणाले, आमच्या संगतीत बिघडले. एखाद्या घरी त्या शेगडीने सुखही झालं असेल, कोण जाणे.

पौर्णिमेनंतर
बोटवाल्याला फोन लागला एकदाचा. सुकांती आता कुनीकडे नाही. घाटावर पत्रा टाकून राहते. शेगडी आहे, भात शिजवते. कुनीने काढलं की आपणहून निघाली, मी विचारलं. म्हणाला, ते मी कसं विचारू? तुम्हीच येऊन विचारा.
सुमनला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, मान वर केली नाही. "जा मंग. पण कोनी काढलं ते नका विचारू. शिजवते तं जेवते कोनासंगं, तेवढं पाहून या."